रायगडावरील राजवाडा

रायगडावरील राजवाडा हे छत्रपती शिवाजी महाराजांचे राजधानीतील निवासस्थान व राज्यकारभाराचे केंद्र होते. महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यात असलेल्या रायगड किल्ल्याच्या बालेकिल्ल्यावर हा वाडा उभा होता. राजभवन, राण्यांचे महाल, राजसभा, नगारखाना, मनोरे आणि सेवकवर्गाची घरे असा हा वास्तुसमूह सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आकारास आला. याच परिसरात ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. मे १८१८ मध्ये ब्रिटिश फौजेच्या तोफमाऱ्यात राजवाड्यास आग लागली आणि त्याचा लाकडी भाग नष्ट झाला. आज तेथे घडीव दगडांची जोती, पायऱ्या, भिंतींचे अवशेष, दरवाजे आणि मनोऱ्यांचे खालचे मजले शिल्लक आहेत.

राजवाडा १८१८ च्या आगीत नाहीसा झाला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. वास्तविक हा ऱ्हास टप्प्याटप्प्याने झाला. १६८९ मध्ये राजधानी गेली, १८१८ मध्ये इमारत गेली आणि पुढील कित्येक दशकांच्या उपेक्षेत उरलेल्या भागाचीही मोठी हानी झाली.

स्थान आणि पार्श्वभूमी

रायगडाचे पूर्वीचे नाव रायरी. जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांचा पाडाव झाल्यानंतर १६५६ मध्ये हा डोंगर शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंची, सर्व बाजूंना तुटलेले कडे आणि माथ्यावर विस्तीर्ण सपाटी ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. घाटमाथा आणि कोकणातील बंदरे या दोहोंवर येथून लक्ष ठेवता येत असे. राजगडाहून राजधानी येथे हलविण्यामागे ही भौगोलिक सोय हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

डोंगरमाथ्यावर राजधानी वसविणे सोपे नव्हते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या या भागात मुसळधार पाऊस पडतो आणि माथ्यावर वाऱ्याचा मारा सतत असतो. उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून तलाव खोदावे लागले. त्यांच्या खोदाईतून निघालेला दगड गडावरील बांधकामास उपयोगी पडला असे मानतात. गडावरील गार हवा मानवत नसल्यामुळे जिजाबाईंसाठी पायथ्याशी पाचाड येथे स्वतंत्र वाडा बांधण्यात आला, असे परंपरा सांगते. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, १७ जून १६७४ रोजी, त्यांचे पाचाड येथे निधन झाले. त्यांची समाधीही तेथेच आहे.

बांधणी

गडाच्या बांधकामाशी हिरोजी इंदुलकर यांचे नाव जोडलेले आहे. गडावरील जगदीश्वर मंदिरात शके १५९६ चा, म्हणजे राज्याभिषेकाच्या वर्षाचा, संस्कृत शिलालेख आहे. त्यात विहिरी, तलाव, बागा, स्तंभ, गजशाळा यांच्याबरोबर राजसदनांचाही उल्लेख आहे. मंदिराच्या पायरीवरील लहानशा मराठी लेखात हिरोजीने आपल्या सेवेची नोंद करून ठेवली आहे. राजवाडा प्रत्यक्ष उभा असताना त्याच्याविषयी दगडावर कोरलेला हा उल्लेख असल्यामुळे अभ्यासक त्यास विशेष महत्त्व देतात.

मराठी वाडा बांधण्याची रीत लक्षात घेतल्यास अवशेषांचा अर्थ लागणे सोपे जाते. वाड्याचे जोते घडीव दगडाचे असे. त्यावर दगडी तळखडे बसवून त्यांत सागवानी खांब उभे करीत. खांबांवर तुळया, त्यांवर पाटणी आणि सर्वांत वर कौलारू छप्पर अशी रचना असे. इमारतीचा भार लाकडी सांगाडा पेलीत असे. विटांच्या वा मातीच्या भिंती खांबांमधील जागा भरून काढीत. अशा इमारतीस आग लागली, की लाकूड जळते, छप्पर कोसळते आणि उघड्या पडलेल्या भिंती पुढील पावसाळ्यांत विरघळून जातात. मागे उरते ते जोते. पुण्याच्या शनिवारवाड्याची १८२८ च्या आगीनंतर हीच गत झाली. तटबंदी, दरवाजे आणि जोती राहिली, आतील महाल मात्र गेले.

रचना

बालेकिल्ल्यातील वास्तू पुढीलप्रमाणे ओळखल्या जातात. यांतील काही नावे परंपरेने चालत आलेली आहेत.

मनोरे : गंगासागर तलावाच्या दक्षिणेस दोन उंच मनोरे आहेत. त्यांची बांधणी द्वादशकोनी असून आतील नक्षीकाम आजही पाहता येते. पूर्वी ते पाचमजली होते असे सांगतात. शिलालेखात उल्लेखिलेले स्तंभ ते हेच, असे मानले जाते.

पालखी दरवाजा आणि मेणा दरवाजा : मनोऱ्यांच्या पश्चिमेकडील बाजूने ३१ पायऱ्या चढून गेल्यावर पालखी दरवाजा लागतो. तेथून निघणारा सरळ मार्ग मेणा दरवाज्यापर्यंत जातो. मेणा दरवाजा हा प्रामुख्याने राजस्त्रियांच्या जाण्यायेण्याचा मार्ग होता असे त्याच्या नावावरून समजले जाते.

राणीवसा : मेणा दरवाज्याकडे जाताना एका ओळीत मोठ्या दालनांची जोती दिसतात. हे राण्यांचे महाल होत. प्रत्येक महालास स्वतंत्र शौचकूप असून सांडपाणी वाहून नेण्याची व्यवस्था दगडात केलेली आहे. सतराव्या शतकातील घरगुती स्वच्छतेची कल्पना देणारा हा भाग सर्वसामान्य पर्यटकांच्या नजरेतून पुष्कळदा सुटतो.

राजभवन : राणीवशासमोर सेवकवर्गाच्या घरांचे अवशेष आहेत. त्यांच्या मागील भिंतीतील दरवाज्यातून आत गेल्यावर प्रशस्त चौथरा लागतो. तेच महाराजांचे निवासस्थान. या चौथऱ्याची लांबी ८६ फूट व रुंदी ३३ फूट आहे.

खलबतखाना : राजभवनाजवळच्या मोकळ्या जागेत एक तळघर आहे. त्यास कोणी रत्नशाळा म्हणतात, तर कोणी गुप्त मसलतीची जागा मानतात.

राजसभा : सुमारे २२० फूट लांब व १२४ फूट रुंद अशा या जागेत राज्याभिषेकाचा दरबार भरला. सिंहासनाचे स्थान पूर्वाभिमुख आहे. सभेच्या एका टोकास हलक्या आवाजात उच्चारलेला शब्द दुसऱ्या टोकास ऐकू येतो, असा अनुभव येथे येणारे लोक घेत असतात.

नगारखाना : सिंहासनासमोरील हे भव्य दगडी प्रवेशद्वार राजवाड्याच्या अवशेषांपैकी सर्वांत सुस्थितीत आहे. लाकडी सांगाड्यावर अवलंबून नसल्यामुळे ते टिकले.

राजवाड्याबाहेर होळीचा माळ आणि त्यापलीकडे दोन समांतर ओळींत बाजारपेठेची जोती आहेत. प्रत्येक ओळीत २२ गाळे असल्याचे सांगितले जाते. ही जोती रस्त्यापासून बरीच उंच आहेत. घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी म्हणून ती उंच ठेवली, असे स्पष्टीकरण प्रसिद्ध आहे. काही अभ्यासक मात्र या इमारती बाजारपेठ नसून अधिकाऱ्यांची निवासस्थाने किंवा कचेऱ्या असाव्यात असे मत मांडतात.

समकालीन वर्णने

राजवाडा नांदता असताना तो पाहिलेल्या परकीयांपैकी हेन्री ऑक्झेंडन हा सर्वांत महत्त्वाचा होय. मुंबईच्या इंग्रज वखारीचा वकील म्हणून तो १६७४ मध्ये तहाची बोलणी करण्यासाठी गडावर आला. त्याचा व्यवहार प्रामुख्याने निराजी रावजी यांच्यामार्फत चालला. राज्याभिषेकाच्या दरबारास तो हजर होता. सिंहासनाची भव्यता, त्याच्या दोन्ही बाजूंस भाल्यांच्या टोकांवर लावलेली सोन्याची राजचिन्हे, त्यांतील मत्स्यशीर्षे, अश्वपुच्छे आणि न्यायाचा तराजू यांची नोंद त्याने केली आहे. दाराशी उभे असलेले हत्ती पाहून असे प्राणी इतक्या बिकट वाटेने वर कसे आणले असतील, याचे त्यास नवल वाटले.

दुसरे महत्त्वाचे साधन म्हणजे कृष्णाजी अनंत सभासद याची बखर. तीत बत्तीस मण सोन्याच्या सिंहासनाचा उल्लेख असून राज्यातील अठरा कारखाने आणि बारा महाल यांची मोजदाद दिली आहे. ही बखर १६९७ च्या सुमारास छत्रपती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून दक्षिणेतील जिंजी येथे लिहिली गेली. त्या वेळी रायगड मोगलांकडे जाऊन काही वर्षे लोटली होती. सभासद शिवाजी महाराजांच्या सेवेत राहिलेला होता. म्हणजेच राजधानीच्या वैभवाचे हे मराठी वर्णन, ती राजधानी हातातून गेल्यानंतर, शेकडो मैल दूर बसून आठवणीतून केलेले आहे. त्यातील आकडे वाचताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. त्याचबरोबर गमावलेल्या गोष्टींची नोंद राहावी ही निकडही या लेखनामागे दिसते.

राजधानीचा अस्त (१६८९)

शिवाजी महाराजांचे ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर निधन झाले. १६ जानेवारी १६८१ रोजी छत्रपती संभाजी महाराजांचा राज्याभिषेक येथेच झाला. १६८९ च्या आरंभी संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले आणि ११ मार्च रोजी त्यांची हत्या झाली. तत्पूर्वी फेब्रुवारीत राजाराम महाराजांचे रायगडावर मंचकारोहण झाले होते. इतिकादखानाने गडास वेढा घातल्यावर येसूबाईंच्या सल्ल्याने राजाराम महाराज एप्रिलमध्ये गडाबाहेर पडले आणि पुढे जिंजीस पोहोचले. येसूबाई लहानग्या शाहूसह गडावरच राहिल्या. नोव्हेंबर १६८९ मध्ये गड मोगलांच्या स्वाधीन झाला. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू कैदेत पडले. इतिकादखानास पुढे झुल्फिकारखान हा किताब मिळाला.

या दिवसापासून राजवाडा हे छत्रपतींचे निवासस्थान राहिले नाही. मोगलांनी गडाचे नाव इस्लामगड ठेवले आणि पुढे तो जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला.

प्रतिनिधी घराणे आणि रायगड

रायगड सोडावा लागल्यामुळे मराठी राज्याच्या रचनेत एक नवे पद निर्माण झाले. छत्रपती जिंजीत आणि मुलूख महाराष्ट्रात अशी स्थिती असल्याने राजाराम महाराजांनी अष्टप्रधानांहून वरचे असे प्रतिनिधिपद निर्माण केले. ते प्रथम प्रल्हाद निराजी यांना मिळाले. ऑक्झेंडनशी बोलणी करणारे निराजी रावजी हे त्यांचे वडील होत. पुढे हे पद किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्याकडे आले आणि त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालले. याच घराण्याकडे पुढे औंध संस्थान होते.

परशुराम त्रिंबकांचे पुत्र श्रीनिवास ऊर्फ श्रीपतराव प्रतिनिधी यांनी रायगड परत मिळविण्यात महत्त्वाची कामगिरी केली. १७३३ मध्ये शाहू महाराजांनी जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध मोहीम काढली. बाजीराव पेशवे आणि श्रीपतराव प्रतिनिधी हे दोघेही तीत होते, परंतु त्यांच्यात एकमत नव्हते. किल्ल्यावरील लोकांना आपल्या बाजूस वळवून प्रतिनिधींच्या माणसांनी जून १७३३ मध्ये रायगड हस्तगत केला. अशा रीतीने चव्वेचाळीस वर्षांनी गड मराठ्यांकडे आला. छत्रपतींची गादी मात्र साताऱ्यासच राहिली. रायगडाचा मान टिकला, पण राजवाड्यातील राबता पूर्वीसारखा सुरू झाला नाही. १७७३ च्या सुमारास गड पेशव्यांच्या ताब्यात गेला.

आग (१८१८)

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि दुसरे बाजीराव पुणे सोडून निघाले. त्यांनी आपली पत्नी वाराणसीबाई यांना खजिन्यासह रायगडावर ठेवले. एप्रिल १८१८ मध्ये कर्नल प्रॉथर याच्या फौजेने गडास वेढा घातला. कड्यांमुळे थेट चढाई कठीण होती, म्हणून गडाच्या माथ्यावर गोळे टाकू शकणाऱ्या उखळी तोफांचा उपयोग करण्यात आला. या तोफा समोरील पोटल्याच्या डोंगरावर चढविल्या होत्या, असे सांगितले जाते.

मे महिन्याच्या आरंभी एका गोळ्याने राजवाड्यास आग लागली. डोंगरमाथ्यावरील वारा आणि कडक उन्हाळ्यात वाळलेले लाकूड यांमुळे ती झपाट्याने पसरली असणार. १० मे १८१८ रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. वाराणसीबाईंना बंदोबस्तात गडाखाली जाऊ देण्यात आले. गडावर सुमारे पाच लाख रुपयांची रोकड सापडल्याचे ब्रिटिश नोंदी सांगतात.

ज्या दुर्गमतेसाठी हा डोंगर निवडला होता, तिचा लांब पल्ल्याच्या उखळी तोफांपुढे उपयोग राहिला नाही. १८१८ मध्ये महाराष्ट्रातील अनेक डोंगरी किल्ले काही दिवसांच्या माऱ्यानंतर पडले. त्यामागेही हेच कारण होते.

उपेक्षा आणि पुनर्स्मरण

यानंतर रायगड तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील एक ओसाड डोंगर बनला. छप्पर गेलेल्या भिंती दर पावसाळ्यात खचत गेल्या आणि जोत्यांत झाडे रुजली. शिवाजी महाराजांची समाधीही दुर्लक्षित होती. जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबईविषयीच्या ग्रंथात या दुरवस्थेबद्दल खेद व्यक्त केला. त्यानंतर महाराष्ट्रात या प्रश्नावर चर्चा सुरू झाली. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी जमविण्याचे आवाहन केले आणि १८९६ मध्ये गडावर शिवोत्सव साजरा झाला. समाधीचा जीर्णोद्धार १९२६ मध्ये पूर्ण झाला.

या चळवळीचा रोख समाधीवर होता. राजवाड्याच्या जोत्यांकडे अभ्यासाच्या दृष्टीने लक्ष जाण्यास आणखी काळ लागला. शांताराम विष्णु आवळसकर यांच्या ‘रायगडची जीवनकथा’ या ग्रंथाने गडाचा कागदपत्रांवर आधारित इतिहास मराठी वाचकांपुढे ठेवला. रायगड हे आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतील संरक्षित स्मारक आहे. २०१७ मध्ये रायगड विकास प्राधिकरणाची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या उत्खननांत वाड्यांची आणखी जोती उजेडात आली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत समाविष्ट केलेल्या मराठाकालीन १२ किल्ल्यांत रायगड आहे. सभासदाने जेथे बसून राजधानीचे वर्णन लिहिले, तो तमिळनाडूतील जिंजीचा किल्लाही त्याच यादीत आहे.

चित्रांतील राजवाडा : औंधचा संग्रह

राजवाड्याची जी प्रतिमा मराठी मनात रूढ आहे, ती बव्हंशी विसाव्या शतकातील चित्रांवरून घडली आहे. या संदर्भात सातारा जिल्ह्यातील औंधचा उल्लेख आवश्यक ठरतो. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते आणि चित्रकारांचे आश्रयदातेही होते. रायगड परत घेणाऱ्या श्रीपतरावांच्या घराण्यातील या संस्थानिकाने शिवचरित्रातील प्रसंग चित्रबद्ध करून घेण्यास उत्तेजन दिले. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी त्यांच्यासाठी शिवचरित्रावरील चित्रे रंगविली. बाळासाहेबांनी आपला संग्रह यमाई देवीच्या डोंगरावर बांधलेल्या श्री भवानी संग्रहालयात ठेवला. हे संग्रहालय १९३८ मध्ये सुरू झाले. १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले, तरी संग्रहालय कायम राहिले आणि ते आजही पाहता येते.

पाठ्यपुस्तकांतून आणि दिनदर्शिकांतून घरोघरी पोहोचलेली राज्याभिषेकाची चित्रे राजवाडा जळाल्यानंतर बऱ्याच काळाने काढलेली आहेत. त्यांतील खांब, कमानी, छत आणि पडदे यांची मांडणी चित्रकाराच्या कल्पनेची आहे. कलाकृती म्हणून आणि शिवस्मरणाच्या इतिहासाची साधने म्हणून त्यांचे मोल मोठे आहे. वास्तूचा पुरावा म्हणून मात्र जोते, शिलालेख आणि समकालीन नोंदी यांचाच आधार घ्यावा लागतो.

पुनर्बांधणीचा प्रश्न

राजवाडा पूर्ववत उभारावा, अशी मागणी शिवप्रेमींकडून वेळोवेळी होते. जोत्यांवर उभे राहून राजधानीची कल्पना करणे सामान्य माणसास अवघड जाते आणि नव्या पिढीस ती प्रत्यक्ष दिसावी, ही त्यामागील भावना आहे. राजसभेत सिंहासनाच्या जागी मेघडंबरी आणि महाराजांचा पुतळा बसविण्यात आला आहे.

पुरातत्त्वशास्त्राची भूमिका याहून वेगळी आहे. मजले किती होते, छप्पर कसे होते, दर्शनी भाग कसा होता, या गोष्टी अनुमानाने ठरवून मूळ जोत्यावर नवी इमारत उभारली, तर उरलेला अस्सल पुरावा तिच्याखाली झाकला जातो. तळखड्यांमधील अंतरावरून खणांची संख्या कळते. जोत्याच्या आकारावरून इमारतीच्या विस्ताराचा अंदाज येतो. पायऱ्यांची झीज वर्दळीची दिशा सांगते. या खुणा एकदा पुसल्या गेल्या, की त्या पुन्हा मिळविता येत नाहीत. म्हणून अवशेष आहेत तसे राखून प्रतिकृती, आराखडे आणि संगणकीय चित्रे यांच्या साहाय्याने मूळ वास्तूची कल्पना द्यावी, असा मार्ग अनेक अभ्यासक सुचवितात.